अर्ध्या मिनिटाचं शटर

सव्वादोनला पहिल्यांदा दिसल्यापासून चाळिसाव्या फोटोतही ती आकृती तिथेच उभी होती.

फिटरने चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरला नाक लावलं. वर चांदण्यांचा सडा, खाली गच्चीचा कठडा. कठड्याच्या अलीकडे कोणीतरी उभं, काळं, दोन्ही हात पुढे केलेलं. कोणाला तरी ढकलायला करावेत तसे. एकेचाळिसाव्या फोटोत गच्ची रिकामी.

उभा जन्म कारखान्यात मान खाली घालून गेला, आता जरा वर बघू, म्हणून निवृत्तीनंतर त्याने हा नाद धरला होता. जुना डिजिटल कॅमेरा, एक रुंद लेन्स, तीन पायांचं स्टँड. नऊ वाजता गच्चीवर कॅमेरा लावायचा, गोळी घ्यायची आणि झोपायचं. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी झोपेची गोळी सुरू केल्यापासून तो ओंडक्यासारखा पडायचा. कॅमेरा पहाटेपर्यंत आपला आपण फोटो काढत राही. सकाळी चहाबरोबर रात्रीचं आकाश बघणं, हे त्याचं सुख.

आज चहावर साय धरली होती.

"अगं, रात्री गच्चीवर कोण गेलं होतं?"

बायको भाजी निवडत होती. "कोण जाणार? घरात आपण दोन डोकी."

"फोटोत कोणीतरी आहे."

"ढगाची सावली असेल. कितीदा सांगितलं, तो कॅमेरा खाली ठेवा थोडे दिवस. आणि ती गोळीही सोडून बघा."

"गोळीचा इथे काय संबंध?"

"नसेल. माझं ऐकलंत तर तुमचं काही झिजणार आहे का?"

गच्चीचा जिना घरातूनच जात होता. जो कोणी वर गेला, तो त्यांच्या खोलीच्या दारावरून गेला होता. फिटरने मागच्या रात्रींचे फोटो उघडले. इतके दिवस तो फक्त तारे बघत होता, खालच्या कोपऱ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बुधवारी आकृती होती. शुक्रवारीही. वेळ तीच, सव्वादोन.

दुपारी तो लेन्स दुरुस्त करणाऱ्या भिंगवाल्याकडे गेला.

"काका, तुमचं शटर अर्धा मिनिट उघडं असतं," भिंगवाला म्हणाला. "त्यात जो हलतो तो उमटतच नाही. मांजर गेलं, माणूस चालत गेला, काही दिसणार नाही. जो गप्प उभा राहील तोच येणार."

"चाळीस फोटो, म्हणजे वीस मिनिटं गप्प?"

"हो ना. श्वास तरी घेतो की नाही, देव जाणे." तो हसला. फिटरला हसू आलं नाही.

येताना त्याने जाडजूड कुलूप आणलं. कॅमेरा लावून झाल्यावर गच्चीच्या दाराला ते ठोकलं.

"किल्ली माझ्याकडे द्या," बायको म्हणाली.

"कशाला?"

"द्या ना. माझी झोप सावध असते."

"दिवसभर तर बसल्या जागी पेंगत असतेस."

तिची नजर किल्लीवरून हटेना. फिटरच्या मनात नको तो विचार आला. चाळीस वर्षांचा संसार, आणि आज त्याने बायकोकडे पाठ करून किल्ली दोऱ्यात ओवली, गळ्यात घातली आणि दोन गाठी मारल्या.

सकाळी किल्ली गळ्यातच होती. गाठीही होत्या. दाराला कुलूप जसंच्या तसं.

फोटोत आकृती उभी होती. हात पुढे केलेले.

रात्री जागून बघावं, तर तेवढी छाती नव्हती. समोरासमोर गाठ पडली तर? पोलिसांना काय सांगायचं? की कुलूपबंद गच्चीवर कोणीतरी येतं, काही चोरत नाही, नुसतं उभं राहतं?

मग भिंगवाल्याचं बोलणं आठवलं. अर्ध्या मिनिटाऐवजी शटर एका सेकंदाचं ठेवलं तर? तारे गेले खड्ड्यात, चेहरा तरी दिसेल. त्याने कॅमेऱ्याची संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेली आणि बटण दाबलं.

"आज नका लावू हो," जिन्याच्या पायथ्याशी बायको उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "तुमच्या पाया पडते."

"का? काय दिसेल मला?"

तिने पदराने डोळे टिपले. त्याने गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी बायको अजून झोपली होती. फिटर एकटाच कॉम्प्युटरसमोर बसला. त्याने सव्वादोनचा फोटो उघडला. फोटो दाणेदार होता, पण चेहरा ओळखू येत होता.

बायकोच होती ती. अनवाणी, केस सुटलेले, तोंडातून हूं की चूं निघू नये म्हणून ओठ घट्ट मिटलेले.

आणि तिच्या पुढे केलेल्या हातांपासून वीतभर अंतरावर, तीन मजल्यांच्या उंचीवर, वीतभर रुंद कठड्यावरून गळ्यातल्या किल्लीसकट डोळे मिटून चालत होता तो स्वतः.