शुक्रवारचा आकडा

धुकं असलं की कुट्टनाडात होडी पाण्यावरून चाललीय की हवेतून, ते वल्हवणाऱ्यालाही सांगता येत नाही. बांधाच्या एका अंगाला कालवा काठोकाठ भरलेला, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खाली भात. ओमनाची होडी त्या भाताच्या डोक्यावरून तरंगत आल्यासारखी आली आणि औसेप्पच्या पायरीला लागली.

ओमना शेतकी कचेरीत कामाला. दर शुक्रवारी सकाळी पाण्याचा खारटपणा किती ते बघायचं आणि साहेबांना फोनवर सांगायचं. नऊच्या पत्रकात तो आकडा छापून तिच्यासारख्याच बावीस कचेऱ्यांतल्या माणसांकडे जाई. आकडा दोनच्या आत असला तर बांधाची उघाडी उघडून पाणी शेतात घ्यायचं. वर गेला तर नाही, कारण मग भात जळतं. मोजायचं यंत्र चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं होतं आणि तिकडेच रमलं होतं. पण औसेप्पची जीभ होती. यंत्र होतं तेव्हाही दोघांत फरक पडला की यंत्रच पुन्हा बुडवून बघत.

म्हाताऱ्यानं ओंजळीतलं पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, गालातल्या गालात फिरवलं, कालव्यात थुंकलं.

"दीड."

"नक्की ना, अप्पच्चा? चारशे एकर तडकलंय. उघाडीवर पुष्करन किल्ली घेऊनच उभा आहे."

"दीड म्हणजे दीड."

ओमनानं वहीत लिहिलं. तेवढ्यात आतून त्रेस्याम्मा काळ्या कॉफीचे दोन पेले घेऊन आली. एक नवऱ्याला दिला. तो भुरके मारत प्यायला आणि त्यानं मिश्या पुसल्या.

"कशी झालीय?" त्रेस्याम्मानं विचारलं.

"नेहमीसारखी. फक्कड."

"मीठ घातलंय," ती ओमनाकडे वळून म्हणाली. "साखरेच्या जागी मीठ. आज चौथा दिवस. रोज फक्कड होते."

ओमनानं स्वतःचा पेला तोंडापाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"तुझ्यात साखर आहे गं, मोळे. पी तू, पोरी."

औसेप्प पायाच्या बोटांकडे बघत बसला. नाताळात ताप येऊन गेला, तेव्हापासून मासा काय आणि केळं काय, सगळं ओल्या कागदासारखं लागतं, असं तो पाण्याला सांगावं तसं हळू म्हणाला.

"मग हे तीन शुक्रवार मला आकडे कुठून दिलेत?"

"तुमच्या पत्रकातनं. मागच्या शुक्रवारचा बघायचा, चंद्र किती वाढलाय ते बघायचं, थोडं इकडे-तिकडे करायचं."

"अप्पच्चा! पत्रकात तुमचाच आकडा असतो!"

"म्हणूनच तर भरवसा वाटला."

धुक्यातून पुष्करनची हाक आली. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज बांधावरून चालत आला. "ओमने, उघडू काय? की मुहूर्त काढायला भटजी आणू?"

"थांबा!" ती ओरडली. "उघाडीच्या साखळीला हात लावू नका!"

तिनं पायरीवर वाकून स्वतः चूळ भरली. पाणी पाण्यासारखं लागलं. थोडा चिखल, थोडं डिझेल, आणि मागून काहीतरी जे खारटही असू शकेल किंवा तिची भीतीही. भाताकडे बघवेना. एवढंसं हिरवं धुक्यात निजलेलं, आणि त्याच्या उशाला हे सगळं पाणी.

"सरक तिकडे," त्रेस्याम्मा म्हणाली. तिनं तळहातावर थेंबभर पाणी घेऊन चाटलं, चुलीपुढे चव घेतात तसं. पुन्हा एकदा चाटलं. "हं."

"किती आहे, अम्मच्ची?"

"किती म्हणजे? पेजेइतकं."

"आकडा सांगा ना."

"पन्नास वर्षं रांधतेय. आकडा घालून कधी रांधलं नाही."

ओमनानं फोन लावला. साहेब वाटच बघत होते. "बोला, बोला, पत्रक अडलंय. बावीस ठिकाणची माणसं उघाडीशी किल्ल्या घेऊन उभी आहेत. किती?"

"सार, आज आकडा नाही." मागचे तीनही चुकीचे गेले, ते कसे, तेही सांगून टाकलं. "पेजेइतकं आहे म्हणतात, सार."

नोकरी गेली, असं ओमनाच्या मनात आलं. पण मग साहेब बोलले ते अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात.

"विचारा त्यांना. आजाऱ्याची पेज, की शेतावर निघालेल्याची?"

ओमनानं विचारलं.

"निघालेल्याची," त्रेस्याम्मा म्हणाली. "वर मीठ मागणार नाही अशाची."

"मग खारटच आहे, बंद ठेवा," साहेब म्हणाले. "भरती उतरेपर्यंत कळ काढू दे भाताला. मी तसंच छापतो."

ओमनानं बांधाकडे तोंड करून निरोप ओरडून सांगितला, मिठासकट. कुणी हसलं नाही. साखळी परत गुंडाळल्याचा आवाज आला. मग धुकं थोडं विरलं, तेव्हा दिसलं की पाण्यासाठी पहाटेपासून थांबलेली माणसं बांधावर एकेक करून उकिडवी बसत होती, कालव्यात बोट बुडवत होती, आणि बोट तोंडात धरून, आपापल्या घरची सकाळची पेज आठवत होती.