एकमताने मंजूर

आपल्या गावचं प्रसूतिगृह बंद करू नका, म्हणून आरोग्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत पाऊण तास एकटाच भांडला. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर पंतप्रधान फाइल मिटत शांतपणे म्हणाले, "पटत नसेल तर आत्ता राजीनामा द्या. राहायचं असेल तर निर्णय तुमचाही, आणि इथलं बोलणं इथेच."

आपण उठून गेलो तर उरलेल्या दवाखान्यांसाठी भांडायला कुणीच राहणार नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो बसून राहिला. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' एवढंच आलं. खातं त्याचं, म्हणून दुपारी पत्रकारांसमोर तो निर्णय त्यालाच वाचून दाखवावा लागला. सरकारची बाजू त्याने चोख मांडली.

रविवारी तो घरी गेला. त्याच प्रसूतिगृहात आईने तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, आणि टीव्हीवर तिने सगळं पाहिलं होतं. त्याला जेवायला वाढता वाढता तिने विचारलं, "तुम्ही एवढी माणसं होतात तिथे. एकानेही तोंड उघडलं नाही का रे?"

"आई, बैठकीतलं बाहेर सांगता येत नाही."

"नको सांगूस. पण एखादा तरी बोललाच असेल." तिने भाजीचं भांडं झाकून ठेवलं आणि म्हणाली,

"भेटला की त्याला म्हणावं, तुझ्या आईने तुला चांगलं वळण लावलं. मला काही ते जमलं नाही."