सोबत कोण आलंय?

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा तंत्रज्ञ पुतळ्याच्या खोलीतच होता, आणि पुतळा तिच्याच आवाजात सांगत होता, "आता बरं वाटतंय, डॉक्टर."

वैद्यकीय कॉलेजातले विद्यार्थी खऱ्या रोग्याआधी या रबरी पुतळ्यावर हात बसवत. पुतळा श्वास घेई, त्याची नाडीही बोटांना लागे. त्याची वाक्यं तंत्रज्ञाच्या बायकोनं हौसेनं आपल्या आवाजात भरून दिली होती. घरी भांडण झालं की तीच वाक्यं म्हणून ती नवऱ्याला चिडवायची. तंत्रज्ञ बटण दाबी तेव्हा एकेक वाक्य वाजे. ती गेल्यावर सगळे म्हणाले, आवाज बदलून टाक. त्याचा हात धजेना.

रजा संपवून तो कामावर आला. वर्गातल्या एका मुलीनं पुतळ्यावर वाकून विचारलं, "काय होतंय, मावशी?"

त्यानं बटण दाबायच्या आतच उत्तर आलं, "मला आता काही होत नाही. आधी यांना बघा."

हे वाक्य बायकोनं कधी भरलंच नव्हतं.

मुलगी हसली. "मामा, हे तुम्हीच घातलंत ना? मावशींना भारी काळजी हो तुमची. सोबत आलाच आहात तर आणा हात."

तिनं त्याचं मनगट धरलं. बोटं जरा वर सरकवली, मग खाली. मग दुसरा हात मागितला. तिचं हसू मावळलं.

"तुम्ही जरा बसा, मामा."

पुतळ्याची छाती संथपणे वरखाली होते आहे. मुलीला तंत्रज्ञाची नाडी अजून सापडलेली नाही.