दवाखान्यावरचं नाव

पेंटरनं दारावरच्या पाटीवर पहिलं अक्षर रंगवलं आणि शिडीवरूनच विचारलं, "काका, जमलंय का?"

"जमलंय," खाणीवरचा म्हातारा बिल्लेवाला म्हणाला. पाटीवर त्याच्या बायकोचं नाव येणार होतं.

खाणीच्या कमाईतला काही वाटा आसपासच्या गावांसाठी खर्च करायचा, असा सरकारी नियम आला आणि त्यातून हा दवाखाना बांधला गेला. गावाच्या दर बैठकीत उभं राहून तो मागणारी बाई एकच, त्याची बायको. छप्पर चढायच्या आत ती गेली. शहरातल्या इस्पितळाच्या वाटेवर, जीपमध्ये.

उद्या मंत्री फीत कापायला येणार होते. खाण विभागाचे साहेब खोल्या बघून बाहेर आले. त्यांच्या बुटांचे ठसे पुसत मागून बिल्लेवाल्याची मेहुणी आली.

"नर्स कधी येणार, साहेब?" बिल्लेवाल्यानं विचारलं.

"आमच्या नियमात इमारत बसते, पगार बसत नाही. नर्स आरोग्य खात्यानं द्यायची."

"त्यांना कळवलंय?"

"कळवू. आधी उद्याचं पार पडू द्या."

"म्हणजे उद्या फीत कापायची आणि कुलूप लावायचं," मेहुणी म्हणाली. "मग मी पुसतेय कशाला? ताई असती तर हे फडकं तुमच्याच हातात दिलं असतं."

साहेब हसले. "कुलूप तर लावावंच लागेल. आत नवं सामान आहे."

बिल्लेवाल्यानं वर पाटीकडे बघितलं. मग पेंटरला म्हणाला, "खाली ये रे."

"का हो? अजून सगळं नाव राहिलंय."

"ये खाली."

पेंटर उतरला.

"साहेब, मी जन्मभर खाणीच्या फाटकावर बिल्ले सांभाळले. आत जाणारा आपल्या नावाचा बिल्ला खिळ्याला अडकवून जातो, बाहेर आला की काढून घेतो. एक जरी बिल्ला खिळ्यावर असला तरी फाटकाला कुलूप लावत नाहीत. नाव आहे म्हणजे माणूस आत आहे."

"अहो, हा दवाखाना आहे."

"असू दे. वर हिचं नाव आणि खाली कुलूप. मी रोज याच रस्त्यानं जातो. तिला आत कोंडून ठेवल्यासारखं वाटेल मला."

साहेबांचा आवाज उतरला. "मंत्र्यांच्या भाषणात बाईंचं नाव आहे हो. घरच्यांचा होकार आहे, असं मी सांगून बसलोय."

"होकार आहेच. नर्स आली की लिहा."

"आणि उद्या मंत्र्यांनी विचारलं, पाटीवर नाव का नाही, तर?"

"सांगा, अजून आत कोणी आलेलं नाही."

पेंटरनं डब्याला झाकण लावलं. "हे अक्षर पुसू का, काका?"

"नको. तेवढं राहू दे."

साहेबांनी खिशातून फोन काढला. पण लावायचा कोणाला? मग, आरोग्य खात्यात असलं काम कोण बघतं, हे त्यांनी आधी आपल्या ड्रायव्हरलाच विचारलं.