हिरीबाईचा सराव

“नुसतं झोप येते म्हणू नोको,” गोविंदसिंग म्हणाला. “उठावंच वाटत नाई, असं सांग. अन् डोळ्यात पाणी आलं तं लय चांगलं.”

मानोऱ्याच्या दवाखान्यासमोर, लिंबाच्या सावलीत, त्याच्या काकीची, हिरीबाईची उजळणी चालली होती. तिने पदर सारखा केला आणि मान हलवली.

गोविंदसिंग अकोल्याला कॉलेजात होता, इंटरला. तांड्यातला पहिलाच. मागच्या साली तो नापास झाला होता, आणि या खेपेला पुन्हा तेच झालं तर बाप त्याला टोळीबरोबर खडी फोडायला नेणार होता. म्हणून अभ्यासाच्या सुट्टीत त्याला त्या गोळ्या हव्या होत्या. खोलीवरचा एक पोरगा त्या खाऊन रात्ररात्र वाचायचा आणि साधी जांभईसुद्धा द्यायचा नाही. पण दुकानदार डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय त्या देत नव्हता, आणि मानोऱ्याच्या डॉक्टरांनी तर गोविंदसिंगला हाकलूनच लावलं. मन खचलेल्या माणसांसाठी असतात त्या, पोरांनी चहा प्यावा, असंही वर ऐकवलं.

त्यातूनच त्याला युक्ती सुचली. मन खचलेल्या माणसाचं सोंग उभं करायला काकीपेक्षा दुसरं कोण? लग्नाआधी तांड्यातल्या नवरीला आयाबायांच्या गळ्यात पडून सुरात रडावं लागतं. त्याला ढावलो म्हणतात, आणि ते शिकवण्यात हिरीबाईचा हात धरणारी कुणी नव्हती. कोणत्या शब्दावर हुंदका द्यायचा, कुठे आवाज कापू द्यायचा, सगळं ती पोरींकडून घोटून घ्यायची. तिच्या एका सुरावर मिशाळ बाप्ये नाक पुसत, आणि ही दुसऱ्या घडीला चुलीवरची डाळ ढवळायला मोकळी.

दवाखान्यात तर तिने कमाल केली. गोविंदसिंगने दोनच गोष्टी पढवल्या होत्या, बाकीचं तिने पदरचं घातलं. भाकर मातीसारखी लागते म्हणाली. पाण्याचा गडवा उचलायलाही हात होत नाही म्हणाली. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा “लय दिवस झाले” एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. सूर नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी गालावरून उतरत होतं. गोविंदसिंग थक्क झाला. काकीला रडण्याची ही दुसरी तऱ्हाही येते, हे त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी दिली. रोज सकाळी एक घ्या आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊन सांगा, म्हणाले. गाव मागे पडल्यावर तिने पुडी त्याच्या हातावर ठेवली.

“काकी, तू तं नाटक कंपनीतच पाहिजे होती,” तो म्हणाला.

हिरीबाई थोडीशी हसली.

मुक्काम त्याने तिच्याच घरी ठोकला. तिथे गडबड नव्हती. तिचा एकुलता मुलगा हेमला आदल्या साली खडीच्या कामावर तापाने गेला होता, तेव्हापासून घरात ती एकटीच. साऱ्या तांड्याला रडवणाऱ्या हिरीबाईच्या डोळ्यांत त्या वेळी टिपूस आलं नाही. काय घट्ट काळजाची बाई, म्हणून लोकांनी तिचं कौतुकच केलं होतं.

गोळ्या लागू पडल्या. गोविंदसिंग एक घ्यायचा, मग संध्याकाळी आणखी एक. पुस्तकातली पानं झरझर उलटायची. हात कापायचे, छाती धडधडायची, पण झोप जवळ फिरकत नव्हती. भूक तर मेलीच होती. काकीने चूल पेटवली की नाही, याचाही त्याला पत्ता नसायचा.

एकदा दुपारी पाहिलं तर काकी भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेली.

“घरी कायले सराव करतं, काकी?” त्याने विचारलं.

“होते तेवढाच,” ती म्हणाली.

पुढे तांड्यातल्या देवलाच्या घरून त्याच्या पोरीला ढावलो शिकवायचं बोलावणं आलं, तेही तिने परतवून लावलं. गोविंदसिंगला तिच्या हुशारीचं नवल वाटलं. आजारी म्हणून गोळ्या नेणारी बाई मांडवात गाताना दिसली असती तर सगळंच बिंग फुटलं असतं. दर बाजाराला ती दवाखान्यात जाई, त्याने सांगितल्याप्रमाणे “गोळीनं बरं वाटते, पण अजून पाह्यजेत” म्हणे, आणि पुडी आणून त्याला देई. डॉक्टरही खूश होते.

गोविंदसिंगने परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाल्यावर त्याने गोळ्या बंद केल्या, आणि मग भलतंच झालं. अंगातलं बळ कोणी काढून नेल्यासारखा तो खोलीवर पडून राहिला. उठावंसं वाटेना. घास मातीसारखा लागला. पाण्याचा गडवा उचलायला हात होईना. पडल्यापडल्या त्याला काकीच आठवत होती. तिने दवाखान्यात सांगितलं होतं ते हुबेहूब असंच. मातीचं आणि गडव्याचं तर आपण तिला काहीच पढवलं नव्हतं. काही दिवसांनी तो सावरला, पण हे कोडं मनातून गेलं नाही.

निकाल लागला. गोविंदसिंग पास झाला. पेढे घेऊन तांड्यावर आला तो सरळ काकीकडे. तिच्या पाया पडला, पेढा तिच्या हातावर ठेवला. ती तो तसाच धरून बसली. मग त्याने खिशातून शेवटची पुडी काढली, थोड्या गोळ्या उरल्या होत्या. आता कामाच्या नाहीत, चुलीत टाकतो, म्हणाला. चूल गारच होती.

“पण काकी, एक सांग,” तो म्हणाला. “मातीसारखी भाकर, हात न होणं, हे सारं तुले सुचलं कसं? अगदी खरं होतं ते.”

हिरीबाईने पुडीवर हात ठेवला.

“सुचाचं काय त्यात, हेमला गेला तवापासून हायेच ते,” ती म्हणाली. “आता तुही परीक्षा झाली ना? मंग आता एक गोळी मले देतं काय, बापू?”