सीटखालचा स्विच

मैदानाच्या मधोमध गाडी पुन्हा बंद पडली, आणि कुंपणाला टेकून उभा असलेला बदलीवाला हसला.

माळीणबाई खाली उतरल्या आणि सीटवर एक थाप मारली. वर बसून गवत कापायची ही गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातातली. स्टेडियमच्या हिरवळीवर त्या असे पट्टे ओढत, एक फिका, एक गडद, की खेळाडू त्यावर बूट ठेवायला कचरत. मधले काही महिने इस्पितळात गेले. त्या परतल्या आणि गाडी रुसली. सुरू व्हायची, जरा पुढे जायची, खड्डा लागला की गप्प.

"उतरलाच आहात तर मी बघतो," म्हणत बदलीवाला वर बसला आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला. बाईंच्या रजेत तात्पुरता घेतलेला माणूस, पण आता हलायचं नाव घेत नव्हता.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी सीट उचलली, खाली वायरींना छोटा दिवा जोडला.

"बसा, ताई. उठा. परत बसा."

दिव्याकडे बघत त्यांनी कान खाजवला. "सीटखालचा स्विच आहे. माणूस उठला किंवा पडला की इंजिन बंद करायचं, एवढंच त्याचं काम. तुम्ही बसलाय की उठलाय, हेच त्याला कळेनासं झालंय."

"मग याला बरा ओळखतो?"

"हा दणके देत चालवतो. जुन्या वस्तूंना दणक्याची भाषा कळते."

"दोन वायरी एकमेकींना जोडून टाका की," बदलीवाला म्हणाला. "स्विचची कटकटच नको."

मिस्त्रींचा आवाज एकदम चढला. "आणि त्या उतारावर पडल्या तर? खाली पातं फिरत असतं. ते कोण थांबवणार, तू?"

तेवढ्यात साहेब आले. अंतिम सामना दोन महिन्यांवर होता. "बाई, तोवर जमलं तर ठीक. नाहीतर हिरवळ याच्याकडे देऊ. तुम्ही तिकीट खिडकीत बसा. सावलीतलं काम आहे."

"मला सावली नकोय, साहेब."

"पार्ट मागवतो," मिस्त्री म्हणाले. "वेळ लागेल. तोवर ढकलायची मशीन घ्या आणि कडेकडेचं गवत कापा."

घोड्यावरून उतरवून गाढव हाकायला लावावं तसं बाईंना झालं. पण हिरवळीपासून लांब जाण्यापेक्षा गाढव बरं.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय झालं आज?"

"स्विच बिघडलाय."

"बरं," म्हणून त्याने ताट वाढलं. बाईंनी चार घास चिवडले आणि ताट सरकवलं. त्याने ते उचलून झाकून ठेवलं. आजाराचा विषय घरात काढायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. कपाटाचा आरसाही त्यांनी साडी टाकून झाकला होता.

ढकलायची मशीन म्हणजे घामटं काढणारं काम. पहिल्या दिवशी त्या दोनदा खाली बसल्या. दुपारी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली मिस्त्री डबा उघडून बसले होते.

"या, ताई. आमची बायको डबा भरते तो पलटणीला पुरेल एवढा. उरलेला परत नेला की बोलणी खावी लागतात. वाचवा मला."

बाईंनी मिस्त्रींना वाचवायचं म्हणून दोन घास खाल्ले. पुढे पुढे त्याच लांबून ओरडू लागल्या, "काय आणलंय आज?" घरीही एका रात्री त्यांनी पातेलं खरवडलं. "उद्यापासून जास्त शिजवायला हवं," नवरा पुटपुटला, आणि रिकामं पातेलं हातात घेऊन उगाचच मोरीपाशी उभा राहिला.

दर सोमवारी मिस्त्री त्यांना गाडीवर बसवत, दिवा लावत.

"आला का पार्ट?"

"नाही अजून."

"बैलगाडीतून येतोय की काय?"

"चांगली वस्तू सावकाशच येते, ताई."

बदलीवाला आता हिरवळ आपल्याच बापाची असल्यासारखा वावरू लागला होता. पण त्याचे पट्टे नागमोडी यायचे. सामन्याआधीच्या सोमवारी बाई त्याच पट्ट्यांकडे बघत सीटवर बसल्या होत्या. खाली वाकलेले मिस्त्री बराच वेळ उठेनात.

"झोपलात काय?"

"बसला," मिस्त्री म्हणाले. "बसला एकदाचा. सामन्याच्या दिवशी गाडी तुम्हीच काढायची."

सामन्याच्या सकाळी बाईंनी किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, निघाली. पहिला खड्डा आला, बाईंनी श्वास रोखला. गाडी डुलली आणि तशीच पुढे गेली. दुसरा खड्डा. मग उतार. इंजिनाचा सूर तसूभर ढळला नाही. बाईंनी श्वास सोडला, पाठ ताठ केली आणि मैदानभर रेघ ओढली, ओळंबा लावल्यासारखी सरळ. तिच्या शेजारी दुसरी.

शेवटचा पट्टा संपला तेव्हा खेळाडू दारात थबकले होते. त्यांच्यातल्या एकाने शिट्टी मारली. पायऱ्यांवर लवकर येऊन बसलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेबही टाळ्या वाजवत होते. बदलीवाल्याने टोपी काढली आणि न सांगता शेडचं फाटक उघडून धरलं.

बाई राणीसारख्या आत आल्या. वरूनच ओरडल्या, "मिस्त्री! कुठंय तो जुना स्विच? द्या इकडे, माझ्या हाताने गटारात फेकते!"

मिस्त्री हात पुसत पुढे आले.

"तो कसा देऊ, ताई? तुम्ही त्याच्यावरच बसलायत. नवा मी मागवलाच नव्हता. त्याला फक्त पंचेचाळीस किलोचं माणूस लागतं."