बेंबी

लेण्याच्या आतल्या दालनात शिरताच शाल्मलीच्या डोळ्यांतल्या भिंगांचं नेटवर्क तुटलं. ही भिंगं आता जन्मतःच बसवत. उघड्या अंगाच्या जागी, मग ते दगडाचं का असेना, नुसतं करडं धुकं दिसायचं. ते विरलं. समोर दगडातली आई बसली होती, उघड्या छातीची, मांडीवर नागडं बाळ घेऊन.

"आई, माणसं अशी असतात?"

"अशीच असतात गं," सासूबाई म्हणाल्या. भिंगांआधीचं जग त्यांनी पाहिलं होतं. "कडेवरच्या हिलाही बघून घे. बाहेर पडलं की परत धुकं."

शाल्मलीनं लेकीचं झबलं काढलं. रोज तेल लावायची ती, पण चाचपडत. "अगंबाई, बेंबी केवढीशी!"

लेकीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मान खाली घालून, डोळे विस्फारून, ती स्वतःचं पोट पहिल्यांदाच बघत होती.